बेअरिंग गरम होईपर्यंत थांबू नका: या चुका टाळा

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या कुठल्याही कारखान्यात जा, कुणीतरी बेअरिंगवर हात ठेवून सांगतं, "गरम नाही, चालू द्या." तापमान वाढतं ते सगळ्यात शेवटी. रेसवर, म्हणजे बॉल ज्यावर फिरतात त्या कड्यावर, पहिला टवका उडतो तेव्हा हाताला काहीच लागत नाही, आणि लागतं तेव्हा नवं बेअरिंग मागवायलाही वेळ उरत नाही.

त्याहून फसवी चूक कंपन मोजायचं मीटर हातात असताना होते. अंबडच्या एका कारखान्यात पेंट बूथचा एक्झॉस्ट ब्लोअर होता. रजिस्टरमध्ये व्हेलॉसिटी, म्हणजे कंपनाचा वेग, कायम दोन-सव्वादोन मिलिमीटर प्रति सेकंद. मी दुसऱ्याच मशीनसाठी गेलो होतो, जाताजाता प्लमर ब्लॉकवर, म्हणजे बेअरिंगच्या घरावर, सेन्सर लावून पाहिला. व्हेलॉसिटी खरोखरच ठीक. पण एन्व्हलप स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे बारीक ठोके वेगळे काढून दाखवणाऱ्या आलेखात, आउटर रेसच्या (बाहेरच्या कड्याच्या) फ्रिक्वेन्सीवर उभी रेघ आणि पुढे तिच्या पटींची रांग. सुपरवायझर म्हणाले, "साहेब, लिमिटमध्ये आहे ना? दिवाळीच्या शटडाउनला बदलू." दिवाळीआधीच केज (बॉल जागेवर धरणारा पिंजरा) फुटला, शाफ्ट खराब झाला आणि ऐन ऑर्डरच्या गर्दीत बूथ बंद पडला.

व्हेलॉसिटी साधारण 10 ते 1000 हर्ट्झमध्ये मोजतात. अनबॅलन्स (फिरत्या भागाचा तोल बिघडणं), मिसअलाइनमेंट (शाफ्ट एका रेषेत नसणं) त्यात दिसतं. बेअरिंगचा कोवळा फॉल्ट मात्र बॉडीला कित्येक हजार हर्ट्झवर झणझणवतो, म्हणून अॅक्सिलरेशन आणि एन्व्हलप पाहावेच लागतात. आउटर रेसचा माझा अंदाज सोपा: बॉलची संख्या गुणिले 0.4 गुणिले शाफ्टची फ्रिक्वेन्सी. 6205 नंबरच्या बेअरिंगमध्ये 9 बॉल. 1440 आरपीएम म्हणजे 24 हर्ट्झ. रेघ 86 च्या आसपास शोधायची. नवीन मुलं एकच रीडिंग घेऊन निकाल विचारतात. बेअरिंग नवं असताना घेतलेलं रीडिंग जवळ नसेल, तर आजचा आकडा कशाशी ताडून बघणार?

आवाज आला की ग्रीस मारायचं, ही सवय मला अजिबात सहन होत नाही. आवाज दबतो, टवका तिथेच राहतो, आणि जास्तीचं ग्रीस घुसळून बेअरिंग तापतं. ग्रीस किती लागतं? मिलिमीटरमधला बाहेरचा व्यास गुणिले रुंदी गुणिले 0.005, म्हणजे 6308 नंबरच्या बेअरिंगला 90 × 23 × 0.005, जेमतेम 10 ग्रॅम. ग्रीस गनच्या एका स्ट्रोकला किती ग्रीस पडतं ते काट्यावर एकदा तोलून गनवरच लिहून ठेवा. लिथियम आणि पॉलियुरिया ही दोन जातींची ग्रीस एकमेकांत मिसळू नका.

रीडिंग ताडून बघायची तर सेन्सरची जागा दरवेळी तीच हवी. मी तिथला रंग खरवडून खूण करतो. लोड आणि स्पीडही तेच ठेवा.

स्टँडबाय पंप आठवड्यातून एकदा फिरवा, नाहीतर शेजारच्या मशीनच्या हादऱ्यांनी उभ्या बेअरिंगच्या रेसवर खड्डे पडतात.

ड्राइव्हवर (वेग कमीजास्त करणाऱ्या व्हीएफडीवर) चालणाऱ्या मोटरच्या बेअरिंगमध्ये रेसवर पत्र्यासारख्या समांतर पन्हाळ्या दिसल्या तर शाफ्टमधून करंट जातोय. आधी अर्थिंग ब्रश किंवा इन्सुलेटेड बेअरिंग बसवा, नाहीतर नवंही तसंच जाईल. म्हणूनच काढलेलं बेअरिंग भंगारात टाकू नका. कापा, रेस धुऊन उजेडात धरा आणि कुठल्या बाजूला टवके आहेत ते रजिस्टरमध्ये त्याच मशीनच्या पानावर लिहा.