घरातल्या माणसाची दारू सोडवताना पहिले चार दिवस कसे सांभाळावेत

मी निवृत्त परिचारिका. नोकरीची बरीच वर्षे गोव्यात, सत्तरी आणि डिचोलीतल्या सरकारी आरोग्य केंद्रांत गेली. आजही वाड्यावरच्या बायका दारात येतात आणि विचारतात, "सिस्टर, ह्याची दारू सुटायची कशी?" राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्यात 15 वर्षांवरचे 36.9 टक्के पुरुष दारू पितात असे दिसले. देशाचा आकडा 18.8 आहे. यातले सगळेच व्यसनी नाहीत. पण जे आहेत, त्यांच्या घरांसाठी हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा: रोज भरपूर पिणाऱ्याला घरच्या घरी एकदम दारू बंद करायला लावू नका. देवळात नारळ ठेवून शपथ घ्यायला लावतात, खोलीत कोंडून ठेवतात. हेतू चांगला असतो, पण त्यात जीव जाऊ शकतो. वर्षानुवर्षे दारूला सरावलेला मेंदू ती अचानक बंद झाली की बिथरतो. आपल्याकडे हे चतुर्थीला हमखास घडते. घरात गणपती येणार म्हणून माणूस बाटली बाजूला ठेवतो आणि आरतीच्या वेळी त्याचे हात कापायला लागतात.

त्याला धोका किती, हे ओळखायला "किती पितोस?" असे विचारू नका. खरे उत्तर मिळत नाही. सकाळी उठल्यावर पहिला घोट लागतो का, ते पाहा. दुपारपर्यंत मिळाली नाही तर हात थरथरतात का? आधी कधी दारू सोडताना फिट आली होती का? यातले एक जरी "हो" असेल, तर डॉक्टरांना भेटल्याशिवाय बंद नको. प्रमाणाचा अंदाज हवा असेल तर 180 मिलीच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. मार्च ते मे हुर्राकचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा मोसम. फेणीपेक्षा सौम्य म्हणून लोक ती ग्लासाने पितात आणि हिशेबात धरत नाहीत. तीही धरा.

आता ते चार दिवस. शेवटचा पेग कधी घेतला ती वेळ कागदावर लिहा, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात. साधारण सहा तासांनंतर थरथर, घाम, ओकाऱ्या सुरू होतात, झोप उडते. फिट यायची भीती मुख्यतः पहिल्या दोन दिवसांत. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊ शकतो, आणि घरचे फसतात ते इथेच, कारण त्यांना वाटते की आता सुटला.

एका वहिनीने मला तिसऱ्या दिवशी हाक मारली. पाच दिवसांचा गणपती होता. नवरा खाटेवर बसून चादरीतून नसलेले धागे वेचत होता. मध्येच माटोळीकडे, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांकडे, बोट करून ओरडायचा, "साप लोंबतायत, काढा ते!" अंग घामाने निथळत होते, नाडी इतकी पळत होती की मोजताना माझीच बोटे अडखळली. सासूबाईंनी घाड्याला, म्हणजे भूतबाधा उतरवणाऱ्याला, आणायला माणूस धाडला होता. देवचार (गावराखणीचे भूत) लागला, असेच घरात सगळ्यांना वाटत होते. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. "सासूबाय, गाऱ्हाणे उद्या घालू, आत्ता गाडी बोलवू," एवढेच म्हटले आणि 108 लावला. तो वाचला. अशा वेळी तुम्हीही तेच करा. भास, असंबद्ध बोलणे, ताप, फिट यातले काहीही दिसले तर 108. फिट आली तर कुशीवर वळवा, आजूबाजूचे सामान सरकवा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.

दवाखान्यात पोचल्यावर लाज न बाळगता "हा रोज दारू पितो" हे पहिल्या वाक्यात सांगा. अशक्तपणा आहे, सलाईन लावा, एवढेच सांगितले तर घात होतो. अशा रुग्णाला ग्लुकोजच्या आधी ब-1 जीवनसत्त्व द्यावे लागते, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

पुढच्या उपचारासाठी बांबोळीची मानसोपचार आणि मानवी वर्तणूक संस्था आहे, गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या जवळच. "वेड्यांच्या इस्पितळात कशाला?" असे नातेवाईक म्हणतील. म्हणू द्या. आधी फोनवर बोलायचे असेल तर मानसिक आरोग्याच्या टेलिमानस सेवेचा 14416 आणि व्यसनमुक्तीचा 14446 हे सरकारी क्रमांक आहेत. खासगी केंद्र निवडणार असाल तर मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवायला सांगा, डॉक्टर रोज येतात का आणि घरच्यांना भेटू देतात का ते विचारा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणे बंद केले आहे. बांधून ठेवणाऱ्या जागेतून माणूस लगेच बाहेर काढा.

ज्याची दारू अजून या थराला गेलेली नाही, त्याला नुसत्या समुपदेशनाचाही उपयोग होतो. 'संगाथ' या संस्थेने गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे करून पाहिले. प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी, डॉक्टरांनी नव्हे, जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. 2017 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी समुपदेशन घेतलेल्यांपैकी 36 टक्क्यांची दारू धोक्याच्या पातळीखाली आली होती, नेहमीचे उपचार घेतलेल्यांत 26 टक्क्यांची. म्हणून बोलून काय होणार, असे समजू नका. बोला मात्र सकाळी, तो शुद्धीत असताना, मुले शाळेत गेल्यावर. "तू घराचा सत्यानाश केलास" म्हणण्यापेक्षा "सोमवारी तू पोरीला शाळेतून आणायला गेला नाहीस, ती तासभर फाटकात उभी होती" हे सांगा. ते त्याला झटकता येत नाही.

आमटीत गुपचूप पूड किंवा गोळी कालवणे तर अजिबात नको. "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिरातींना भुलू नका. दारू सोडवायला देतात ती डायसल्फिरामची गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर तोंड लालबुंद होते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि गोळी थांबवल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहतो. ती त्याला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची.

मुलगा ड्रग्ज घेतो असे कळले तर आईबाप पोलिसांच्या भीतीने गप्प बसतात. अंमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम 64अ वकिलाकडून समजून घ्या. सेवनाच्या किंवा अगदी थोड्या मालाच्या प्रकरणात अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला आला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे, मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. ब्राऊन शुगर, म्हणजे हेरॉईन, घेणारा काही आठवडे बंद राहून पुन्हा जुन्याच मात्रेवर गेला तर श्वास थांबून मरू शकतो, हे त्याला आणि घरातल्या सगळ्यांना स्पष्ट सांगा.

सुटलेला माणूस पुन्हा पिईल, ही शक्यता धरून चाला. लग्न, शिगमा, खाणीवरचा जुना सोबती, काहीही निमित्त होते. त्या दिवशी भांडू नका, दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरांकडे न्या. दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार देतात त्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा गोव्यातही होतात, आणि घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळे आहे. वहिनींनो, तुम्ही त्यात जा, तो येवो न येवो. बारवाल्याची उधारी तुमच्या मंगळसूत्रावर फेडू नका. आणि हात उगारला गेला तर 112 किंवा महिलांसाठीचा 181 लावा, त्याच रात्री.