संपाच्या मांडवात बसण्याआधी : नव्या तलाठ्यांसाठी

तलाठी म्हणून (आता कागदावर ग्राम महसूल अधिकारी, पण गावात कोण म्हणतंय!) नव्याने रुजू झालेली मुलं भेटली की हमखास तीन गोष्टी विचारतात. सजा (म्हणजे तलाठ्याकडे सोपवलेली गावं) कुठला मिळेल, बदली कधी होईल आणि संघटनेची पावती फाडायची का. पहिल्या दोन्हींची उत्तरं माझ्याकडे नाहीत. तिसऱ्याचं आहे, पण ते लांब आहे. पावती फाडली की आज ना उद्या संपाचा निरोप येतोच.

मला तो मार्च 2023 मध्ये आला. सिंधुदुर्गात, किनाऱ्यालगतचा माझा पहिलाच सजा. परिविक्षा, म्हणजे नोकरी पक्की होण्याआधीचा काळ, संपायची होती. 14 तारखेला मंगळवार होता. तहसीलच्या आवारात मांडव, डोक्यावर टोप्या आणि घोषणा एकच : ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या आमच्यासारख्यांच्या पगारातून दरमहा दहा टक्के कापले जातात, सरकार आपला वाटा घालतं, तो पैसा बाजारात जातो आणि शेवटी हातात किती येईल हे तेव्हा कोणी सांगू शकत नव्हतं. आधी लागलेल्यांना शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मं, वर महागाई भत्ता. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना हे दोन हिशोब बसलेले असतात. मागणी मला पटलेली होती, आजही पटते.

पण कायदा माझ्या बाजूने नव्हता, आणि हे मला मांडवात बसल्यावर कळलं. तुम्हाला आधी कळू दे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधला नियम 6 काढून वाचा. शासकीय कर्मचाऱ्याला संप करता येत नाही, दुसऱ्याला त्यासाठी चिथावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये बिहारच्या एका खटल्यात शांततेने निदर्शनं करण्याचा हक्क मान्य केला, संपाचा मात्र नाही. पुढे 2003 मध्ये तमिळनाडूच्या सरकारने संपावर गेलेल्या जवळपास पावणेदोन लाख लोकांना एका फटक्यात काढलं, तेव्हा न्यायालयाने आणखी स्पष्ट सांगितलं की सरकारी नोकराला संपाचा मूलभूत, कायदेशीर, नैतिक असा कुठलाच हक्क नाही. त्यातल्या बहुतेकांना नंतर परत घेतलं गेलं, हा भाग मांडवात मोठ्याने सांगितला जातो. निकालाचा पहिला भाग कोणी सांगत नाही.

आम्ही मांडवात बसलो त्याच दिवशी विधिमंडळाने मेस्माचं, म्हणजे अत्यावश्यक सेवांमधल्या संपाला मनाई करणाऱ्या कायद्याचं, विधेयक मंजूर केलं. मालकही तेच, कायदा करणारेही तेच. कारखान्यातला कामगार नोटीस देऊन संप करू शकतो, मी करू शकत नाही. का? याचं प्रामाणिक उत्तर मला दुसऱ्या दिवशी दुपारी मिळालं.

माझ्या सजातली एक काकी रिक्षा करून मांडवात आली. नवऱ्याला मुंबईच्या धर्मादाय रुग्णालयात न्यायचं होतं. गरिबांसाठी राखलेल्या खाटेला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि त्याला माझा चौकशी अहवाल. ‘बाय, ह्यांका शनवारी मुंबयक घेवन जावचा हा. तुमचो संप संपतलो कधी?’

लोकांना वाटतं संप म्हणजे सातबारा बंद. तसं काही होत नाही. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपये भरून मोबाइलवरही निघतो, संपातही निघत होता. अडकतं ते माणसाने जाऊन, बघून, लिहायचं काम : फेरफार, वारस नोंद, पंचनामा, चौकशी. त्याच आठवड्यात मराठवाड्यात, नाशिककडे गारा पडल्या आणि पंचनामे खोळंबले म्हणून आमच्या नावाने शंख झाला. इथे आम्ही ढग आलेलं आभाळ बघत बसलो होतो, मोहोर आणि काजू कुणाच्या भरवशावर आहेत ते कळत होतं. एक बँक बंद असली तर माणूस दुसऱ्या बँकेत जातो. तलाठी दुसरा नसतो. संपबंदीच्या बाजूने मला पटलेलं एकमेव कारण हेच आहे. बाकी ‘जनतेचे सेवक’ वगैरे भाषणातलं.

मी काकीला ‘संप मिटला की या’ म्हटलं. सरळ सांगते, तेव्हा मला मांडवातल्या नजरांची भीती काकीपेक्षा जास्त वाटली. संप 20 तारखेला, सोमवारी मिटला. 21 ला कामावर आले, अहवाल लिहिला, 22 ला पाडव्याची सुट्टी. दाखला 23 ला निघाला. शनिवार केव्हाच होऊन गेला होता. त्यांनी नवऱ्याला व्याजाने पैसे काढून नेलं.

म्हणून माझं मत असं झालंय : सरकारी माणसाला संपाचा हक्क द्यावा, पण नोटिशीची मुदत ठरवून, त्या मुदतीत चर्चेला बसणं सरकारला बंधनकारक करून, आणि दवाखाना, आपत्ती, पाणी, रुग्णाच्या कागदपत्रांसारखी कामं लेखी वगळून. आज काय आहे? कागदावर बंदी आणि प्रत्यक्षात मोजदाद. सतरा-अठरा लाख लोक उठले तर समिती नेमतात, पंधरा जण उठले तर कारणे दाखवा नोटीस. 1977 मध्ये याच राज्यातले कर्मचारी केंद्राइतक्या महागाई भत्त्यासाठी 54 दिवस संपावर होते, आजचा आमचा भत्ता त्याच ओळीतला. 2023 नंतर सरकारही हललं, ऑगस्ट 2024 मध्ये एकीकृत निवृत्तिवेतन योजना लागू करायचं ठरलं. म्हणजे बंदी असलेल्या गोष्टीनेच प्रत्येक वेळी दार उघडलं. अशा व्यवस्थेत भाजतो तो संख्येने कमी असलेला, नाहीतर नवा, नाहीतर कंत्राटी.

माझा भाऊ एसटीत चालक आहे. ते महामंडळाचे, म्हणजे शासकीय कर्मचारी नव्हेत, त्यांच्या संपाची मागणीच शासनात विलीनीकरणाची होती. 2021 च्या दिवाळीत थांबलेली गाडी त्याने एप्रिल 2022 मध्ये पुन्हा हातात घेतली. मधले महिने घर वहिनीच्या शिवणयंत्रावर आणि आईने विकलेल्या काजूवर चाललं. आमचे सात दिवस म्हणजे त्यापुढे सहल.

तेव्हा नव्यांनो, मांडवात जायचंच असेल तर घरात दोन पगारांची गंगाजळी आहे का बघा, कारण ‘काम नाही, वेतन नाही’ हे परिपत्रक संपाआधीच निघतं. परिविक्षेत असाल तर संघटनेच्या ज्येष्ठाला एकांतात विचारा की माझ्यावर एकट्यावर आली तर कोण उभं राहणार. गोलमोल उत्तर मिळालं तर तेच उत्तर समजा. डीएससी (डिजिटल सहीचं साधन) जमा करायची वेळ आली तर पोच घ्या, नुसती ड्रॉवरमध्ये टाकून येऊ नका. आणि आदल्या रात्री वहीत लिहून काढा : कुणाचा दवाखान्याचा दाखला, कुणाची मुदत संपणारा प्रवेश. ती पाच-सात नावं निपटूनच घोषणा द्या. मी हे केलं असतं तर काकीला रिक्षा करावी लागली नसती.

संप मिटल्यावर सगळे पेढे खातात आणि कागद विसरतात. ते सात दिवस रजेत बसले की सेवेतला खंड ठरले, यावर पुढची वेतनवाढ आणि सेवेची सलगता ठरते. शासन निर्णय निघेपर्यंत धीर धरा, मग रजेचा अर्ज द्या आणि सेवापुस्तक स्वतः उघडून नोंद बघा. मी दीड वर्षाने बघितली. 14 ते 19 अशी होती. 20 तारीख कुठे गेली ते शोधायला आस्थापना शाखेत आणखी तीन फेऱ्या झाल्या.