परत पाठवताना सगळं एकदाच सांगा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या तालुका कचेरीत कणकुंबीसारख्या लांबच्या गावाहून आलेल्या माणसाचा अर्धा दिवस एसटीतच जातो. त्याला ‘हा कागद नाही, उद्या या’ एवढंच सांगून उठवलं, की तो दुसऱ्या दिवशी तेवढाच कागद घेऊन येतो आणि तेव्हा त्याला दुसरी त्रुटी कळते. सीमाभागातल्या काउंटरवर याचा संताप अधिकच होतो. फॉर्म कन्नडमध्ये, माणूस मराठी बोलणारा. आपल्याला भाषेमुळेच हाकललं असं त्याला वाटतं.

म्हणून अर्ज शेवटपर्यंत तपासा आणि मगच बोला. आधी ‘बसा’ म्हणा, कन्नड बोलणाऱ्याला ‘कूडरी’. मग राहिलेले सगळे कागद एका चिठ्ठीवर, त्याला वाचता येईल अशा लिपीत लिहून द्या. वाचता येत नसेल तर मोठ्याने सांगा आणि ‘काका, काय काय आणणार, मला सांगा बघू’ असं विचारा. ‘समजलं का?’ विचारून उपयोग नाही, संकोचानं माणूस हो म्हणतोच.

अर्ज घेतला की पोचपावती हातात ठेवून तिच्यावरची काम होण्याची तारीख बोटाने दाखवा. कर्नाटकच्या 2011 च्या सकाल कायद्यात, म्हणजे सरकारी सेवा वेळेत देण्याच्या कायद्यात, येणाऱ्या सेवांना मुदत ठरलेली आहे. उशीर झाल्यास अर्जदाराला दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये भरपाई मागता येते. हेही आपणहून सांगावं, तो त्याचा हक्क आहे.

सहकाऱ्याकडे पाठवताना टेबल आणि नाव, दोन्ही सांगा.