एनजिनएक्समागचा टॉमकॅट एचटीटीपीवर का ढकलतो?

साइट एचटीटीपीएसवर उघडते, पण लॉगिन केल्यावर पत्ता साध्या एचटीटीपीचा होतो. एनजिनएक्स (पुढे उभा राहून विनंत्या मागे पोचवणारा वेब सर्व्हर) ते टॉमकॅट (जावा अ‍ॅप्लिकेशन चालवणारा सर्व्हर) हा टप्पा साध्या एचटीटीपीवर चालतो आणि टॉमकॅट तेवढंच पाहून रिडायरेक्टचा पत्ता बनवतो. अ‍ॅप्लिकेशनच्या कोडला हात लावू नका.

१. एनजिनएक्सच्या लोकेशन ब्लॉकमध्ये प्रॉक्सी-पास १२७.०.०.१:८०८० ला द्या. तिथेच होस्ट (साइटचं नाव), एक्स-फॉरवर्डेड-फॉर (मूळ आयपी) आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो (मूळ विनंती एचटीटीपी की एचटीटीपीएस) हे तिन्ही हेडर लिहा. बहुतेक जण इथेच फसतात: लोकेशनमध्ये प्रॉक्सीचा एक जरी हेडर लिहिला, तरी वरच्या सर्व्हर ब्लॉकमधले सगळे गळतात. म्हणून तिन्ही एकाच जागी हवेत.

२. टॉमकॅटच्या सर्व्हर एक्सएमएलमध्ये होस्टच्या आत रिमोट-आयपी व्हॉल्व्ह (हे हेडर वाचून मूळ आयपी आणि प्रोटोकॉल टॉमकॅटला कळवणारा भाग) टाका आणि त्याच्या प्रोटोकॉल-हेडरमध्ये एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे नाव स्पष्ट लिहा.

३. टॉमकॅट रीस्टार्ट करा. एनजिनएक्सला आधी कॉन्फिग तपासून रीलोड पुरे.

अ‍ॅक्सेस लॉगमध्ये तरीही मूळ आयपीऐवजी १२७.०.०.१ दिसत असेल, तर अ‍ॅक्सेस-लॉग व्हॉल्व्हमध्ये रिक्वेस्ट-अ‍ॅट्रिब्यूट्स-एनेबल्ड ट्रू करा.

सावधान: सर्व्हर एक्सएमएलमधल्या कनेक्टरचा (टॉमकॅट ज्यावर ८०८० पोर्ट ऐकतो तो भाग) अ‍ॅड्रेस १२७.०.०.१ ठेवाच. ८०८० नेटवर्कवर उघडा राहिला, तर आतल्या कुठल्याही मशीनवरून खोटा हेडर पाठवून आयपी बदलून दाखवता येतो.