मेलेला एसएमपीएस घरी कसा उठवायचा: फ्यूजपासून जांभळ्या वायरीपर्यंत

सीपीयूचं बटन दाबलं, पंखा नाही, लाईट नाही, मग दुकानात नेलं की एकच वाक्य ऐकायला मिळतं, एसएमपीएस गेलाय, नवीन टाकू. एसएमपीएस म्हणजे घरातल्या विजेपासून कॉम्प्युटरला लागणारे छोटे व्होल्टेज बनवणारा पत्र्याचा डबा. दुकानदाराचंही बरोबर आहे म्हणा, दोन रुपयांचा रेझिस्टर शोधत तासभर बसून त्याला काय सुटणार. पण तुमच्याकडे वेळ असेल, सोल्डरिंगचा हात बसलेला असेल आणि मल्टिमीटर वापरता येत असेल तर यातले बरेच एसएमपीएस उठतात. सोल्डरिंग आयुष्यात पहिल्यांदाच करणार असाल तर मात्र इथून सुरुवात करू नका, एखाद्या जुन्या रेडिओवर हात साफ करा, कारण याच्या आत जे व्होल्टेज असतं ते माणसाला माफ करत नाही.

परवा मेहुण्याचा ४५० वॉटचा लोकल एसएमपीएस माझ्याकडे आला, पूर्ण डेड, तोच समोर ठेवून सांगतो. हा जुन्या पद्धतीचा आहे, आत २०० व्होल्टचे दोन जाडे कपॅसिटर शेजारीशेजारी उभे असतात. तुमच्यात ४०० किंवा ४५० व्होल्टचा एकच ढब्बू कपॅसिटर दिसला तर तो अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाला (मेनमधून करंट सुरळीत ओढणारा जादा भाग असलेला), त्याचं सर्किट वेगळं, त्यावर पहिला प्रयोग करू नका.

आधी उघडायच्या अगोदरची गोष्ट. एसएमपीएस मदरबोर्डपासून सोडवा, वीज द्या, आणि २४ पिनच्या कनेक्टरवर जांभळी आणि काळी वायर यांच्यात व्होल्टेज बघा. इथे पीसी बंद असतानाही ५ व्होल्ट यायला पाहिजेत, हा स्टँडबाय. ते आहेत पण मशीन सुरू होत नाही, तर हिरवी वायर काळीला पिनेने जोडून बघा, पंखा फिरला तर एसएमपीएस बहुतेक ठीक, दोष पुढे मदरबोर्डात किंवा बटनात. पंखा एक झटका देऊन थांबला तर आउटपुटला कुठेतरी शॉर्ट आहे आणि प्रोटेक्शन काम करतंय. आणि जांभळीवरच शून्य असेल तर आपल्याला खोल जायचंय. मेहुण्याच्याला शून्य होतं.

आता प्लग काढा. स्विच बंद करून चालणार नाही, प्लगच काढा. चार स्क्रू काढून झाकण उघडलं की पहिलं काम त्या दोन जाड्या कपॅसिटरना रिकामं करणं. आपले २३० व्होल्ट डीसी झाले की ३२५ च्या आसपास जातात, म्हणजे एकेका कपॅसिटरवर साधारण १६० व्होल्ट, आणि एसएमपीएस मेलेला असला की ते खाऊन टाकणारं कोणी नसतं म्हणून चार्ज जास्त वेळ टिकून राहतो, पाच मिनिटं थांबलो म्हणजे सुटलो असं समजू नका. २.२ किलोओहम १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर घ्या, त्याच्या दोन्ही पायांना वायर जोडून जोडावर स्लीव्ह चढवा आणि एकेका कपॅसिटरच्या पायांवर दहा सेकंद धरा, मग मीटर लावून खात्री करा, ५ व्होल्टच्या खाली पाहिजे. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करणारे वीर मी बरेच पाहिलेत, ड्रायव्हरचं टोक वितळतं आणि कधी बोर्डाची पट्टी पण उडते. आणि हीटसिंकला प्लग लावलेला असताना कधी हात लावायचा नाही, इनपुटकडचा हीटसिंक लाईव्ह असू शकतो.

मग नुसतं बघा. खरंच, पाच मिनिटं मीटर बाजूला ठेवून टॉर्च घेऊन बघा. फुगलेले कपॅसिटर डोक्यावरून उठलेले दिसतात, त्यातून पाणी सुटलं असेल तर सुकटीसारखा वास पण येतो. ट्रान्सफॉर्मरच्या पायांभोवती सोल्डरला गोल चीर पडलेली असते, ती साध्या डोळ्यांना दिसत नाही, पार्ट बोटाने हलवला की कळते. पार्ट हलू नयेत म्हणून कंपनीने ओतलेला पिवळा गोंद जुना होऊन तपकिरी झाला असेल तर खरवडून काढा, तसा झालेला गोंद वीज वाहायला लागतो आणि खालचे पाय पण कुरतडतो. आणि हो, पाल. पावसाळ्यात उबेला आत शिरलेली पाल मी आतापर्यंत दोनदा चिमट्याने काढलीय, दोन्ही वेळा ती इनपुटच्याच बाजूला भाजून चिकटलेली.

फ्यूजकडे जाऊ. काचेचा फ्यूज नुसता तुटलेला दिसतोय का काच आतून काळी झालीय, हे नीट बघा. काळी काच म्हणजे पुढे कोणीतरी ठार शॉर्ट आहे. अशा वेळी नवा फ्यूज टाकून चालू करून बघू म्हणालात तर तो पण जाईल, आणि मी कॉलेजात असताना फ्यूजच्या जागी वायरचा केस लावला होता तेव्हा मेनचा एमसीबी पडला आणि अख्खी रूम अंधारात गेली होती, तर ते करू नका. फ्यूज बाजूला ठेवून पुढचे पार्ट एकेक थंडे, म्हणजे वीज न देता, तपासा.

क्रम साधा आहे, वीज ज्या वाटेने आत येते त्याच वाटेने जायचं. फ्यूजच्या पुढे नाण्यासारखा निळा किंवा पिवळा एमओव्ही असतो, जादा व्होल्टेज स्वतःवर घेऊन पुढचं वाचवणारा पार्ट, न्यूट्रल तुटून घरात ४०० व्होल्ट आले की हाच फुटतो, मग त्याचे नुसते दोन पाय उरतात. एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे चालू करतानाचा करंटचा झटका कमी करणारी हिरवी किंवा काळी चकती, थंड असताना ५ ते १० ओहमच्या आसपास दाखवतो. मग एसीचं डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर, मीटर डायोड मोडवर टाकून चारही डायोड बघायचे, एका दिशेने ०.५ च्या आसपास, उलट दिशेने काही नाही, कुठे बीप वाजली तर तो गेला.

त्यापुढे दोन मोठे ट्रान्झिस्टर, बहुतेक १३००७ किंवा १३००९. बोर्डावर असताना बेस आणि एमिटरमध्ये छोटे रेझिस्टर आणि ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग असते त्यामुळे मीटर फसवतं, म्हणून पंपाने सोल्डर ओढून बाहेरच काढा. नंबर आपल्याकडे धरला की डावीकडून बेस, कलेक्टर, एमिटर. कलेक्टर आणि एमिटरमध्ये कुठल्याही दिशेने बीप आली तर शॉर्ट. एक गेला असेल तरी दोन्ही बदला, आणि त्यांच्या बेसजवळचे छोटे रेझिस्टर आणि डायोड पण तपासा कारण ट्रान्झिस्टर जाताना यांना सोबत घेऊन जातो, ते तसेच ठेवले तर नवी जोडी पण जाते. ट्रान्झिस्टरची पाठ म्हणजे कलेक्टरच, त्यामुळे हीटसिंकमधला अभ्रक किंवा रबरी पॅड आणि स्क्रूचं प्लास्टिक बुश परत लावायचं विसरू नका, लावल्यावर पाठ आणि हीटसिंकमध्ये बीप येत नाही ना ते बघा.

मेहुण्याच्या एसएमपीएसमध्ये हे सगळं ठीक निघालं, फ्यूज पण चांगला. म्हणजे दोष स्टँडबायमध्ये. हा आतला एक छोटा वेगळा पॉवर सप्लायच असतो, त्याचा स्वतःचा लहान ट्रान्सफॉर्मर आणि एक ट्रान्झिस्टर किंवा मॉस्फेट, आणि तो दिवसरात्र चालू असतो म्हणून सगळ्यात आधी थकतो. ३०० व्होल्टकडून याला सुरुवातीचा धक्का देणारा काहीशे किलोओहमचा रेझिस्टर असतो, बाहेरून एकदम गोरागोमटा दिसतो आणि आतून ओपन, म्हणजे तुटलेला असतो. इथे तोच होता, पट्ट्यांचा रंग ४७० किलो सांगत होता आणि मीटर काहीच सांगत नव्हतं. एक पाय सोडवून परत मोजलं, तेच. बदलला.

इथे बहुतेक जण झाकण लावतात आणि मदरबोर्डला जोडतात. थांबा.

सिरीज बोर्ड बनवा, म्हणजे फेजच्या वायरीत १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये, एलईडी बल्ब चालणार नाही. याच्यातून एसएमपीएसला वीज दिली की बल्ब एकदा चमकून विझला तर ठीक, पूर्ण पेटून राहिला तर अजून शॉर्ट आहे आणि बल्बने तुमचे नवे पार्ट वाचवले. माझा बल्ब चमकून विझला, जांभळीवर मीटर लावलं, ६.८ व्होल्ट. ५ च्या जागी ६.८, आणि हे थेट मदरबोर्डला गेलं असतं तर मेहुण्याचं जीएसटीचं सगळं काम तिथेच संपलं असतं.

कारण नेहमीचंच. स्टँडबायच्या इनपुट बाजूला, गरम ट्रान्झिस्टरला चिकटून एक बारका कपॅसिटर असतो, १०, २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट. उष्णतेने तो सुकतो, आणि या जुन्या सर्किटात तो सुकला की आउटपुट वर चढतं. हे बारके फुगत नाहीत त्यामुळे नजरेत येत नाहीत. प्लग काढून, जाडे कपॅसिटर परत रिकामे करून हा बाहेर काढला, मीटरच्या कपॅसिटन्स रेंजवर २२ चा तो ३ दाखवत होता. नवीन टाकला, परत सिरीज बल्बवर, ५.०८. आता कुठे पण मी स्टँडबाय दुरुस्त करतो तेव्हा तो कपॅसिटर चांगला दिसला तरी बदलतोच, आणि स्टँडबायच्या आउटपुटचा १००० मायक्रोफॅरडवाला पण.

कपॅसिटर घेताना १०५ डिग्रीचे, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले) मागा, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, आणि जाडी मोजून न्या नाहीतर बसत नाहीत. पट्टी असते तो पाय मायनस. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळं मिळतं, पण १३००७ नकली पण मिळतात, फार स्वस्त वाटले तर दुसरं दुकान बघा.

इनपुटकडे मोजताना मीटरची काळी पिन एसएमपीएसच्या काळ्या वायरीला लावू नका, ती आउटपुटची ग्राउंड आहे, इथे जाड्या कपॅसिटरच्या जोडीचं मायनस धरायचं. क्लिप आधी लावून मग वीज द्यायची, हात लांब.

हिरवीवर झटका देऊन थांबणारा एसएमपीएस असेल तर प्लग काढून काळी आणि पिवळी, लाल, नारिंगी यांच्यात ओहम बघा. थेट शॉर्ट दाखवला तर त्या लाईनचा तीन पायांचा शॉट्की डायोड काढून तपासा, बहुधा तोच.

शेवटी लोड. काही जुने एसएमपीएस रिकामे नीट चालत नाहीत, पिवळीवर १२ व्होल्ट २१ वॉटचा गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब लावा आणि मोजा: पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७. करडी वायर सुरू झाल्यावर ५ व्होल्टच्या आसपास यायला पाहिजे, ती आली नाही तर मदरबोर्ड उठणार नाही. तासभर असं चालू ठेवा, मग एखाद्या भंगारातल्या मदरबोर्डवर, आणि मग खऱ्या मशीनला. झाकण लावताना बोर्डाखालचा प्लास्टिकचा कागद परत घाला, तो टेबलावर राहून गेला तर सोल्डरचे टोकदार पाय पत्र्याला टेकतात. माझा राहिला होता, झाकणाचे चारही स्क्रू बसवून झाल्यावर दिसला, परत सगळं उघडलं.