व्हाउचर मिळालं, घर कुठाय?

अमेरिकेत हाउसिंग अथॉरिटीत, म्हणजे गरजूंना घरासाठी मदत करणाऱ्या स्थानिक सरकारी संस्थेत, नोकरी लागली तेव्हा माझा समज होता की माजी सैनिकांना घर देतं ते केंद्र सरकार. आपण फक्त कागद पुढे सरकवायचे. पहिल्या महिन्यातच डोळे उघडले.

बेघर माजी सैनिकांना घरभाड्यासाठी मदतीचं व्हाउचर देणारी हड-व्हॅश योजना १९९२ची, पण मोठ्या प्रमाणावर व्हाउचरं निघू लागली २००८पासून. पैसा हडचा, म्हणजे केंद्राच्या गृहनिर्माण खात्याचा. बेघर सैनिकाची निवड आणि त्याला मदत करणारा केस मॅनेजर व्हीएचा, म्हणजे माजी सैनिकांच्या केंद्रीय खात्याचा. व्हाउचर काढणं, घर तपासणं, मालकाला दरमहा भाडं पोचवणं हे आपलं. आपल्या वेटिंग लिस्टमधून नाव उचलता येत नाही. साधारणपणे व्हीएचं रेफरल, म्हणजे शिफारस, आली तरच फाइल उघडते. जुनी भाडेथकबाकी, जुने गुन्हे उकरायचे नसतात. जुन्या नोंदींवरून नकार फक्त लैंगिक गुन्हेगारांच्या यादीत आजन्म नाव असेल तरच.

नव्या माणसाची हमखास चूक उत्पन्नात होते. २०२४च्या ऑगस्टपासून पात्रता ठरवताना लष्करी सेवेतल्या अपंगत्वाची भरपाई उत्पन्नात धरत नाहीत. पण सैनिकानं भरायचा भाड्याचा वाटा काढताना तीच रक्कम धरायची! हे विसरलात तर अख्खा हिशोब पुन्हा करावा लागतो. मी दोनदा केलाय.

व्हाउचर दिल्यापासून घर शोधायला किमान १२० दिवस मिळतात. ऐकायला भरपूर वाटतात. माझ्याकडचे एक आजोबा डीडी-२१४, म्हणजे लष्करातून सेवामुक्त झाल्याचा दाखला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणायचे, टेबलावर ठेवायचे आणि वरचा हात काढायचे नाहीत. त्यांना घर मिळालं आणि तपासणीत नापास झालं, कारण बेडरूममधला स्मोक डिटेक्टर बंद होता. मी मालकाला रीतसर ईमेल पाठवून तीन दिवस वाट बघत बसले. तोवर मालक दुसरा भाडेकरू बघायला लागला. शेवटी शेजारच्या सीनियर बाईंनी केस मॅनेजरला फोन लावला. तो संध्याकाळी मालकाला भेटला, दुसऱ्या दिवशी डिटेक्टर बसला आणि फेरतपासणी झाली.

मग डिपॉझिट अडलं. व्हाउचरमधून ते भागत नाही. व्हीएच्या एसएसव्हीएफ या माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठीच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थांकडे मागावं लागतं, आणि तेही घर पक्कं व्हायच्या आधी विचारून ठेवलेलं बरं. माझ्या ते ध्यानातच नव्हतं, केस मॅनेजरनं आधीच विचारून ठेवलं होतं. तेव्हापासून त्याचा नंबर मी फाइलच्या पहिल्याच पानावर लिहिते, ठळक मार्करनं.