ग्रह-चंद्राच्या फोटोंना जास्त शार्पनिंग? या चुका टाळा

गुरूचा फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा शेवटच्या पाच मिनिटांत. व्हिडिओ बरा मिळालेला असतो, स्टॅकही (व्हिडिओतल्या चांगल्या फ्रेम्स एकत्र करून बनवलेला एक फोटो) बरा आलेला असतो. मग वेव्हलेटचे, म्हणजे बारीक-मोठा तपशील थराथराने शार्प करणारे, स्लायडर हाती लागतात आणि गुरूचे पट्टे स्केचपेनने गिरवल्यासारखे दिसायला लागतात. स्लायडर सरकवताना प्रत्येक पायरीवर चित्र आधीपेक्षा छानच वाटतं, खरी गोची तिथेच आहे.

काही वेळा तर शार्पनिंग दोनदा होतं. ऑटोस्टॅकर्ट या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘शार्पन्ड’चा पर्याय चालू असेल तर मूळ स्टॅकबरोबर नावात ‘कॉन्व्ह’ असलेली दुसरी फाइलही तयार होते. ती फक्त झटपट अंदाज घेण्यासाठी. तीच रजिस्टॅक्स या वेव्हलेटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून वर वेव्हलेट चढवले, तर फोटोची वाट लागलीच म्हणून समजा.

नंतर कडा तपासा. मंगळाच्या उजळ कडेच्या थोडं आत, कडेला समांतर अशी काळपट कमान दिसते का? ती धुकं नाही की ढगही नाही. उजळ ग्रह आणि काळं आकाश यांच्या सीमेवर दुर्बिणीतल्या विवर्तनाचा (प्रकाश किंचित पसरण्याचा) परिणाम असतोच. शार्पनिंग तो फुगवतं. स्लायडर मागे घेतल्यावर ती कमान फिकी होते, पण पूर्ण जाईलच असं नाही. अशा वेळी एक हलकी आणि एक कडक अशा दोन प्रती करा आणि मास्क लावून (फोटोचा ठरावीक भागच निवडून) कडेपुरती हलकी प्रत वापरा.

शनीच्या बाबतीत हाच प्रकार जास्त फसवा असतो. त्याच्या कड्यांमधली मोठी काळी फट, म्हणजे कॅसिनी विभाग, सुमारे ४८०० किमी रुंद आहे. प्रतियुतीच्या (शनी सूर्याच्या विरुद्ध दिशेला आणि पृथ्वीला जवळ असतो तेव्हाच्या) सुमारास तो पृथ्वीवरून जास्तीत जास्त पाऊण आर्कसेकंदाच्या (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आसपास दिसतो. बाहेरच्या कड्यातली एन्के फट जेमतेम ३२५ किमीची, म्हणजे सुमारे ०.०५ आर्कसेकंद. ८ इंची दुर्बिणीची विभेदनमर्यादा (वेगळं दाखवता येणारं सर्वांत लहान अंतर) ०.५८ आर्कसेकंद आहे. त्या दुर्बिणीच्या फोटोत शनीच्या बाहेरच्या कड्यावर सुबक काळी रेघ उमटली, तर एन्के टिपल्याचा आनंद जरा लांबणीवर टाका. ती बहुधा शेजारच्या कडांमधून उठलेली शार्पनिंगची लाट असते.

मग खरं काय आणि बनावट काय, हे ओळखायचं कसं? चंद्रावरचं प्लेटो विवर घ्या. सुमारे १०० किमी व्यासाचं, तळ गुळगुळीत आणि काळसर. त्या तळावर दोन-तीन किमीची इवलीशी विवरं आहेत आणि ती टिपायची हौस प्रत्येकाला असते. चंद्रावर एक आर्कसेकंद म्हणजे सुमारे १.९ किमी, त्यामुळे मामला अगदी काठावरचा. वेव्हलेटचा पहिला, सर्वांत बारीक लेयर जोरात ओढला की नॉइजचे (कॅमेऱ्यातून येणाऱ्या दाणेदारपणाचे) ठिपकेसुद्धा विवरांसारखे दिसतात. म्हणून पाठोपाठ दोन वेगळे व्हिडिओ घ्या, वेगवेगळे स्टॅक करा आणि दोन्हींना अगदी सारखी सेटिंग लावा. दोन्हींत त्याच जागी ठिपका असेल तरच त्याला विवर म्हणा. एकातच असेल तर तो नॉइज. तळावरचे निम्मे ठिपके असे गायब होईपर्यंत स्लायडर किती पुढे गेला होता, हे लक्षातच येत नाही.

नॉइज कमी हवा असेल तर स्लायडरपेक्षा फ्रेम्सकडे बघा. ४०० फ्रेम्स स्टॅक केल्या की नॉइज साधारण विसाव्या भागावर येतो. मात्र आकडा वाढवण्याच्या नादात खराब फ्रेम्स घुसवल्या तर तपशीलच पुसट होतो, आणि तो भरून काढायला पुन्हा स्लायडर.

बार्लोचाही (प्रतिमा मोठी करणाऱ्या जादा भिंगाचाही) अतिरेक नको. पिक्सेलच्या मायक्रॉनमधल्या आकाराच्या साधारण पाचपट एफ-रेशो (फोकल लांबी भागिले दुर्बिणीचा व्यास) हा ग्रहांसाठी चांगला अंदाज, २.९ मायक्रॉनच्या कॅमेऱ्याला एफ/१५ च्या जवळपास. एफ/३० वर नेलं की सर्वांत बारीक लेयरमध्ये नॉइजशिवाय फारसं काही उरत नाही, तो बंदच ठेवलेला बरा. आणि दिवसभर तापलेल्या गच्चीवरून संध्याकाळीच घेतलेला, लाटा खाणारा व्हिडिओ असेल तर सरळ सोडून द्या, स्लॅब निवल्यावर पुन्हा घ्या.

मूळ स्टॅक १६ बिटच्या टिफमध्ये, शार्पनिंग न करता, वेगळा जपून ठेवा. तयार फोटो दुसऱ्या दिवशी उघडा, २०० टक्के झूम न करता शंभर टक्क्यांवर, आणि त्या मूळ स्टॅकच्या शेजारी ठेवून बघा. बहुतेक वेळा दोन स्लायडर मागे घ्यावे लागतात.